पूर्वपक्षाचे बळ

सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी मत, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा, ही भारतीय दर्शनांची जुनी शिस्त. शंकराचार्य सांख्यमत खोडून काढतात, पण आधी त्याचे म्हणणे सविस्तर सांगतात. पूर्वपक्ष दुबळा ठेवला तर सिद्धान्त तपासलाच जात नाही. फौजदारी खटल्यालाही हेच लागू आहे. आरोपीचा समर्थ बचाव ही त्याच्यावरची मेहेरबानी नव्हे. सत्यापर्यंत पोहोचण्यासाठी न्यायाधीशालाच त्याची गरज असते.

मध्य प्रदेशात खांडव्याच्या न्यायालयात २०१३ साली एका बालिकेवरील अत्याचाराचा आणि तिच्या खुनाचा खटला चालला. आरोपीला मोफत वकील मिळाला त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद आणि फाशी, सगळे पुढच्या दोन आठवड्यांत उरकले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फाशी कायम केली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेला वकील द्यावा, तयारीसाठी त्याला साधारणपणे सात दिवस तरी मिळावेत, असेही बजावले. पुढे पुन्हा फाशी, पुन्हा अपील, पुन्हा सुनावणी. अखेर २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला.

‘तारीख पे तारीख’ला विटलेल्या समाजाला जलद निकाल हवासा वाटतो, आणि त्यामागची वेदना खरी आहे. पण चाचणीविना लागलेल्या निकालाने त्या मुलीच्या आईवडिलांच्या पदरात तरी काय पडले?

आपला कायदा उदार आहे. राज्यघटनेत १९७६ साली मोफत कायदेशीर मदतीचा अनुच्छेद ३९-अ आला. १९७८ च्या होसकोट खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मोफत वकील हा कैद्याचा हक्क मानला. १९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, तो देऊ केला. तरीही वकीलपत्रावर सही झाली म्हणजे बचाव झाला, असे होत नाही. तुरुंगात जाऊन अशिलाला भेटायला, आरोपपत्र वाचायला, डीएनए अहवालावर तज्ज्ञाला नेमके प्रश्न विचारायला वेळ लागतो, अनुभव लागतो आणि पुरेसे मानधनही लागते.

म्हणून अपील ऐकताना उच्च न्यायालयांनी पुराव्याइतक्याच बारकाईने बचाव तपासावा: वकील कधी नेमला, अशिलाला कधी भेटला, काय विचारायचे राहिले. याची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर शिक्षा कायम करण्याचा नैतिक अधिकार न्यायालयाला उरत नाही.