हरलेल्यांची खुर्ची

अमरावतीत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या नवनीत राणांनाही पाच लाखांहून जास्त मतं होती. राजापेठच्या चौकात निकालाच्या गप्पा आठवडाभर रंगतात. कोणत्या वॉर्डानं दगा दिला, कोणत्या गावानं तारलं, सारं चिवडलं जातं. पण त्या पाच लाख मतांचं पुढे काय, असं कुणी विचारत नाही. पडला त पडला, हा आपल्याकडचा रोकडा न्याय.

हिंदी महासागरातल्या मॉरिशस या देशाची मतदारयादी दहा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या एका मतदारसंघात हरलेल्या उमेदवाराच्या पदरात त्या देशाच्या निम्म्या यादीइतकी मतं पडली. तिथे मात्र पडलेल्यांसाठी संसदेत चक्क खुर्च्या राखून ठेवल्या आहेत आणि ही तरतूद खुद्द राज्यघटनेत आहे. तिला म्हणतात ‘बेस्ट लूझर’ पद्धत.

मुख्य बेटावर वीस मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून तिघे निवडून येतात आणि मतदाराला तीन मतं द्यावीच लागतात. कमी दिली तर मतपत्रिका बाद. रॉड्रिग्ज या छोट्या बेटाचे दोघे धरून बासष्ट. त्यानंतर ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्या समाजाच्या पडलेल्या उमेदवारांपैकी ज्यांची मतं चांगली, अशांना जास्तीत जास्त आठ जागा देता येतात. समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. हा चौथा वर्ग म्हणजे ‘राहणीमानावरून’ पहिल्या तिन्हींत न बसणारे सगळे. क्रिओल आणि गोरे फ्रेंच मळेवाले एकाच रकान्यात! ज्यांच्या आज्यापणज्यांना गुलाम म्हणून आणलं गेलं ते, आणि गुलामांच्या मालकांचे वंशज, हिशोबाला मात्र एक.

ही तरतूद भीतीतून आली. देश स्वतंत्र झाला की बहुसंख्य हिंदू आपल्याला गिळतील, असं बाकीच्यांना वाटत होतं. १९६६ च्या बॅनवेल आयोगानंतर बरीच ओढाताण होऊन हा तोडगा निघाला. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना ३९ जागा मिळाल्या, विरोधकांना २३. चाळीस टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या पक्षाला पडली होती, ही गोष्ट १२ मार्चच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात सहसा कुणी काढत नाही.

ऊसमळ्यांत राबायला नेलेल्या गिरमिटियांत आपली कोकणातली माणसंही होती. मुंबई बंदरातून ती गेली, तिथेच रुजली. आज गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते. पण घटनेच्या लेखी मराठी नावाचा समाज नाही. तो ‘हिंदू’त जमा. पक्ष तिकिटं वाटताना मात्र मराठी, तमिळ, तेलुगू असा वेगळा हिशोब करतातच. म्हणजे कागदावर एक जात आणि चावडीवर दुसरी. वऱ्हाडातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

उमेदवारानं अर्जातच आपला समाज लिहायचा. ‘रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव’ या पक्षाच्या लोकांनी तो लिहायला नकार दिला आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेलं. २०१२ मध्ये समितीनं कौल त्यांच्या बाजूनं दिला. सरकारनं २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत दिली, मूळ तरतूद तशीच ठेवली. इकडे अमरावतीची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. नवनीत राणांच्याच जात प्रमाणपत्राचा वाद २०२१ साली उच्च न्यायालयात एका बाजूनं लागला, एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्या बाजूनं. तिथे भांडण समाज सांगण्याच्या सक्तीवर, इथे तो सिद्ध करण्यावर.

माझा आक्षेप मात्र सक्तीपेक्षा आकड्यांवर आहे. १९८२ नंतर मॉरिशसच्या जनगणनेतून समाजाचा रकाना काढला गेला. हेतू चांगला होता: देशानं स्वतःला गटागटांत मोजू नये. पण आठ खुर्च्यांचा हिशोब त्यासोबत गेला नाही. तो १९७२ च्या जनगणनेवरच चालू आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांच्या प्रमाणात आजचे खासदार नेमले जातात. हसू येईल, पण कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे आपणही १९७१ च्या जनगणनेवर गोठवून ठेवलं आहे.

मग ही पद्धत मोडीत काढावी? मला तसं वाटत नाही. १९८२, १९९५ आणि २०२४, तीनदा मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीनं जिंकल्या. १९८२ मध्ये राष्ट्रपिता मानले जाणारे शिवसागर रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले. २०२४ मध्ये पंतप्रधान प्रविंद जगन्नाथही पडले. अशा वेळी त्या बेटाकडून विरोधी बाकावर जे काही थोडे बसतात, ते याच मागच्या दारानं आलेले. खुर्ची राखायची कल्पना बरोबर आहे, ती वाटायचं माप चुकलं आहे. पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जादा जागा द्याव्यात, अशा तीस जागा असाव्यात, असं अल्बी सॅक्स आयोगानं २००२ मध्येच सुचवलं होतं. ते अमलात आलं नाही, आणि त्यात नवल नाही. घटना बदलायला लागतं तेवढं बळ ज्याच्या हाती येतं, त्याला ते बळ जुन्याच नियमानं दिलेलं असतं.

आपल्या पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिच्यात जातीचा रकाना असेल, आणि गोठवलेल्या जागांचा प्रश्नही तिच्यानंतर उघडणार आहे. मॉरिशसनं रकाना पुसून हिशोब ठेवला. आपण रकाना घालतो आहोत, पण त्या आकड्यांनी कोणता हिशोब मांडायचा हे अजून ठरलेलं नाही. लोकसभेत वऱ्हाडाचं वजन वाढणार की घटणार, हा प्रश्न येईल तेव्हा राजापेठेत त्यावर हमरीतुमरी होईलच. त्यात पडलेल्या पाच लाखांचाही विषय कुणी काढावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.