पन्नास हेक्टर आणि तीन वर्षं

विकसनशील देशांतल्या अभ्यासकांनी एकत्र काम करावं, याला कोणाचीच हरकत नसते. पैसे कोणी द्यायचे आणि किती वर्षं, इथे गाडी अडते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत माधव गाडगीळांनी पर्यावरणशास्त्राचं केंद्र उभं केलं. त्या केंद्राने रामन सुकुमार यांच्या पुढाकाराने १९८८मध्ये मुदुमलईच्या जंगलात ५० हेक्टर जागा आखून घेतली. छातीच्या उंचीवर ज्याचं खोड निदान एक सेंटिमीटर जाड आहे, असं प्रत्येक झाड मोजायचं, त्याला क्रमांकाचा बिल्ला लावायचा, नकाशावर त्याची जागा टिपायची. काही वर्षांनी पुन्हा तीच फेरी. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर आणि मलेशियात पासोहला हीच रीत आधी सुरू झाली होती. पुढे श्रीलंकेतलं सिंहराजाही त्यात आलं. मोजण्याची रीत एक असल्यामुळेच तुलना करता येते. पासोहच्या ५० हेक्टरांत झाडांच्या ८००हून अधिक जाती, मुदुमलईच्या तेवढ्याच जागेत सत्तरच्या आसपास. इथलं जंगल कोरडं, पानगळीचं; त्यात वणवे आणि हत्ती. किडिया कॅलिसिना हे हत्तींच्या आवडीचं झाड. त्यांनी साली सोलून, खोडं मोडून त्याची संख्या कशी खाली आणली, हे त्याच बिल्ल्यांवरून कळलं.

असलं काम दिसायला रटाळ असतं आणि अनुदानाच्या चौकटीत बसत नाही. आपल्याकडचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा. पहिलं वर्ष मंजुरीपत्र आणि भरतीत जातं, तिसरं युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या मागे. उरलेल्या वर्षात झाड किती वाढणार? मुदुमलईला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा पैसा मिळाला आणि मोजणी चालू राहिली, हे विशेष. खर्च आपला असला की कोणता प्रश्न धरायचा, हेही आपल्या हातात राहतं. तरी जगभरच्या या आखलेल्या जंगलांना जोडणारी गाठ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. शेजारच्या श्रीलंकेच्या आकड्यांशी आपले आकडे जुळवायला दुवा अमेरिकेचा.

विज्ञान एकट्याने होत नाही, हे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांना फार आधी उमगलं होतं. १९५१मध्ये ते केंब्रिजहून लाहोरला कॉलेजात शिकवायला परतले, तेव्हा कॉलेजने त्यांच्या गळ्यात फुटबॉल क्लब घातला. भौतिकशास्त्रावर बोलायला आसपास कोणी नव्हतं. तीन वर्षांत ते पुन्हा इंग्लंडला गेले. १९६४मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्ते इथे केंद्र काढलं: गरीब देशातल्या अभ्यासकाने वर्षातले काही महिने तिथे यावं आणि देश न सोडता विज्ञान करावं. १९८३मध्ये तिथेच तिसऱ्या जगाची विज्ञान अकादमी निघाली. बंगळुरूचे सी. एन. आर. राव २००० ते २००६ तिचे अध्यक्ष होते. दोन्हींचा मोठा खर्च इटलीच्या सरकारने उचलला. इटलीचे उपकार आहेतच. पण आपल्या आणि नेपाळच्या अभ्यासकांची भेट रोमच्या तिजोरीतून व्हावी, हे मला नेहमीच खटकतं.

आपल्याला पैसे उभे करणं जमत नाही, असं मात्र नाही. याच विज्ञान संस्थेसाठी जमशेटजी टाटांनी मुंबईतल्या इमारती देऊ केल्या आणि म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. इमारतीचं भाडं दरवर्षी येतं. अंतिम अहवाल मागत नाही. सहकार्याच्या संशोधनाला असाच कायम निधी हवा.

आजची हवा उलटी आहे. परकीय देणगी कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसरीला देण्यावर बंदी घातली. बंगळुरूतल्या एखाद्या स्वयंसेवी संशोधन संस्थेने पुढाकार घेऊन त्यातला वाटा धारवाडच्या छोट्या संस्थेकडे वळवायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. गैरव्यवहार रोखायला हिशेब तपासता आले असते. सरसकट बंदी मला अनाठायी वाटते.

शेजारी देशांतल्या संशोधकांसाठी भारत सरकारची फेलोशिप आहे आणि ती चांगलीही आहे. पण ती एका माणसाला काही महिन्यांपुरतं बोलावते. मुदुमलई आणि सिंहराजा यांची झाडं दहा वर्षं एकाच तक्त्यात मोजायची, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या जंगलात हंगाम काढायचा, तर त्यासाठी वेगळं लेखाशीर्ष लागेल, आणि ते दिल्लीच्या अर्थसंकल्पातच उघडावं लागेल.