डोळा फुटण्याची वाट

द्राक्षाच्या काडीवर जिथून फूट निघते त्या जागेला आमच्याकडे नाशिकला 'डोळा' म्हणतात. किती डोळ्यांवर छाटली, डोळे फुगले का, ही आमच्या घरातली रोजची वाक्यं. जर्मनीत आलो तेव्हा कळलं, इथले बागायतदारही त्याला 'आउगं' म्हणतात. आउगं म्हणजे डोळाच. फ्रेंच शेतकरीही डोळाच म्हणतो. एकमेकांना न विचारता एवढ्या लोकांना हाच शब्द सुचला, याचं कारण बहुधा साधं आहे. माणूस त्या ठिपक्याकडे इतका वेळ टक लावून बघतो, की शेवटी ते आपल्याकडे बघतंय असं वाटायला लागतं.

मी ट्रिअरला राहतो, नोकरी लॅपटॉपवरची. शनिवारी झार नदीच्या खोऱ्यातल्या एका बागेत कामाला जातो. झार ही मोझेलला मिळणारी छोटी नदी, आणि मोझेलच्या मानाने तिचं खोरं थंड. बाग जेमतेम सव्वा एकर, पाटीच्या दगडाच्या तीव्र उतारावर, सगळी रीसलिंगची. मालक सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणतो.

मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत आजोबांचं मुख्य काम म्हणजे बघणं. छाटणी झालेली असते, काड्या तारेला बांधलेल्या असतात. जमीन थोडी ऊबदार झाली की मुळं पाणी वर ढकलतात आणि छाटलेल्या टोकांतून थेंब गळायला लागतात. वेल रडायला लागली, असं इथं म्हणतात. मग डोळा फुगतो, वरचं खवलं सुटतं आणि आत तपकिरी लोकर दिसते. दिवसाचं सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास टिकलं की एके सकाळी त्या लोकरीत हिरवा ठिपका असतो. या सगळ्या दिवसांत आजोबा रोज एक फेरी मारतात. हात मागे बांधलेले, मध्येच वाकून एखाद्या डोळ्याकडे बघायचं आणि पुढे जायचं. ते काहीही करत नाहीत.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. निफाड तालुक्यातली आमची बाग आता तोच बघतो. तो म्हणाला, "मग तू तिथं जाऊन करतोस काय? नुसता बघतोस?"

त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्याकडे वेल वाट बघायला लावत नाही, कारण आपण तिला तशी मुभाच देत नाही. नाशिकच्या हिवाळ्यात ती इथल्यासारखी गाढ झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरला की गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळ्यांना डॉर्मेक्सचं पेस्टिंग करायचं, म्हणजे आठ-दहा दिवसांत सगळे डोळे एकदम फुटतात. वसंत कधी यायचा ते आपण ठरवतो, मजुरांच्या टोळीच्या तारखेनुसार. (ते औषध लावणाऱ्याने पुढचे काही दिवस दारू प्यायची नसते, नाहीतर अंगावर उलटते. युरोपात त्याला परवानगीच नाही.) शिवाय डोक्यावर पीककर्ज असतं, अवकाळीची भीती असते, आणि व्यापारी बांधावर येऊन ठरलेला भाव पाडू शकतो. अशा माणसाला 'थांब आणि बघ' असं सांगणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. वाट पाहण्याच्या महतीवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पगार महिन्याच्या एक तारखेला होतो. माझाही होतो.

तरीही दादाचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. जे आपल्या हातात नाही, त्याच्याकडे नुसतं बघणं हे काम आहे का? आणि काम नसेल, तर ते न करणाऱ्या माणसाचं काही चुकतं का?

सिमोन वेय नावाची फ्रेंच तत्त्वज्ञ होती. १९४१च्या शरदात ती दक्षिण फ्रान्समधल्या एका गावात द्राक्षतोडणीच्या मजुरीवर होती, आणि त्याआधी कारखान्यांतही राबली होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला मी आरामखुर्चीतलं तत्त्वज्ञान म्हणू शकत नाही. लक्ष देणं हा तिच्या विचाराचा गाभा. दुसऱ्याचं दुःख दूर करता येवो न येवो, त्याच्याकडे पुरतं लक्ष देणं हेच तिच्या लेखी दुर्मीळ आणि अवघड नैतिक काम. फ्रेंचमध्ये वाट पाहण्याचा आणि लक्ष देण्याचा शब्द एकाच मुळातून आलेत.

मला मात्र या बाबतीत मराठी जास्त उपयोगी पडली. आपण लक्ष 'ठेवतो' आणि लक्ष 'देतो'. पोरांवर, नोकरांवर, शेअरच्या भावावर आपण लक्ष ठेवतो. त्यात मला हवं ते होतंय ना, एवढंच तपासायचं असतं. लक्ष देताना समोरच्याचं काय चाललंय तेही बघावं लागतं, आणि त्यात माझ्याकडचं काहीतरी खर्च होतं. आजोबांच्या बागेत मी तापमानाचा सेन्सर बसवून दिलाय. पारा दोन अंशांवर आला की माझ्या फोनवर नोटिफिकेशन येतं. लक्ष ठेवण्याचं काम तो त्यांच्यापेक्षा चांगलं करतो. पण वरच्या ओळीतली तिसरी वेल यंदा मागे का आहे, हे त्याला कधीच कळणार नाही, कारण तिच्याविषयी त्याला काही पडलेलं नाही.

इथं कोणी गीता काढेल आणि सांगेल, फळाची आशा सोडून काम करा. मला ते इथं लागू पडत नाही. आजोबांना फळ हवंच आहे, अगदी हावरटासारखं. फूट लवकर दिसली की ते खूश होत नाहीत, उलट घाबरतात. झोपलेला डोळा उणे दहाची थंडीसुद्धा सोसतो, पण एकदा हिरवा झाला की उणे दोन-तीनला मरू शकतो. थंडी जायची तेव्हाच जाते, मात्र हल्ली वसंत घाई करतो. बरगंडीतल्या बोन गावात द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४पासूनची आहे. ती सांगते की १९८८पासून तोडणी सरासरी १३ दिवस अलीकडे आली. म्हणजे ज्याची आस लागलीय तेच लवकर येऊ नये म्हणून आजोबा रोज जाऊन बघतात. निरिच्छ माणसाला हे जमलं नसतं.

२०२४ साली तेच झालं. एप्रिलच्या सुरुवातीला अंगावर टी-शर्ट होते. मग २२ तारखेपासूनच्या रात्रींत झार आणि मोझेलच्या खोऱ्यांत पारा शून्याखाली गेला. आमच्या निफाडला पारा घसरला की बागेत शेकोट्या पेटतात. इथं ज्यांना परवडतं ते ओळींमधून पॅराफिनच्या मोठ्या मेणबत्त्या लावतात, एकरी शंभराच्या वर. आजोबांना परवडत नाही. दोन दिवसांनी बोटभर लांबीची फूट उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती.

त्यानंतरचा आठवडाभरही ते रोज बागेत गेले. मला ते बघवत नव्हतं. आता काय बघायचं राहिलं, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, हे कोणाला तरी माहीत असायला हवं." पुढे हळूहळू अर्थ कळला. एका डोळ्यात एक नाही, तीन कोंब असतात. मुख्य कोंब गेला तर मागचा उठतो, पण त्याला घड कमी लागतात. घड किती लागणार हेसुद्धा आदल्या उन्हाळ्यात डोळ्याच्या आत ठरलेलं असतं. म्हणजे आपण बघतो तेव्हा बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. उरतं ते एवढंच, की उरलेल्यातलं काय राखायचं. ते न बघता ठरवलं तर कात्री चुकीच्या जागी चालते.

पण माझं उत्तर उपयोगावर थांबत नाही. एखाद्या जिवाला आपण आपल्यासाठी वाढवलं, वाकवलं, तारेला बांधलं, तर तो संकटात असताना निदान तोंड फिरवायचं नाही, एवढं देणं आपण लागतो, असं मला वाटतं. वेलीला ते कळत नसेल. देणं फिटतंय की नाही हे घेणाऱ्याला कळण्यावर अवलंबून नसतं. दादाला हे पटत नाही. तो म्हणतो, "तिला पाणी दे, खत दे, बघण्याचं काय घेऊन बसलास." आणि गारपीट झाल्यावर हाच माणूस विम्याचा पंचनामा उरकला तरी दोन दिवस बागेतून घरी आला नव्हता.

त्या वर्षीपासून आजोबा प्रत्येक वेलीवर एक जास्तीची काडी राखतात. 'फ्रोस्टरूटं' म्हणतात तिला, हिमाची काडी. ती तारेला बांधत नाहीत, उभीच सोडतात, कारण थंड हवा जड, जमिनीलगत साचते. बाकी सगळं करपलं तर या काडीवर वेल तगायची. ११ ते १५ मे हे इथले 'बर्फाचे संत', शेवटची 'थंड सोफी'. आमच्या रोहिणी-मृगासारखे हेही शेतकऱ्यांचे ठोकताळे. सोफी गेली की थंडीचा धोका संपला असं धरतात, आणि हिमाची काडी कापून टाकतात.

गेल्या वर्षी आमच्या उतारावर पारा शून्याखाली गेलाच नाही. १७ मेला आम्ही दोघं कात्र्या घेऊन वर चढलो. उभ्या काड्यांवर वीतभर हिरवी फूट होती, तीत कोवळे घडही दिसत होते. पहिल्या वेलीपाशी मी थांबलो. आजोबा म्हणाले, "आधी नीट बघ, मग काप." मी बघितलं. त्या दिवशी मी एकशे चाळीस काड्या कापल्या.