संबंधजालातील प्रभाव : एका मोजमापाचा विचारप्रवास

सत्ता आणि प्रभाव यांतला भेद समाजचिंतकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. सत्ता पद, मालमत्ता किंवा दंडशक्ती यांवर उभी असल्यामुळे तिची नोंद सनदांत, खतावण्यांत आणि कायद्यांत सापडते; प्रभाव मात्र माणसामाणसांतल्या संबंधांतून वाहतो आणि मागे कागद ठेवत नाही, म्हणून तो दीर्घकाळ चरित्रकार आणि कादंबरीकार यांच्याच निरीक्षणाचा विषय राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयाकडे पाहण्याची एक नवी रीत पुढे आली. एखाद्या व्यक्तीचा प्रभाव ती कोणाकोणाशी आणि कशा प्रकारे जोडलेली आहे यावर अवलंबून असेल, तर त्या जोडणीचा नकाशा काढता येईल, आणि नकाशा काढता आला तर त्यावरील स्थान मोजताही येईल, असा तो विचार होता. आलेख सिद्धान्ताच्या साहाय्याने सामाजिक प्रभाव मोजण्याचा प्रयत्न येथून सुरू होतो. पुढच्या काळात मापे अनेक निघाली, परंतु खरी प्रगती झाली ती प्रत्येक मापाच्या पोटात दडलेले गृहीतक उघड होत गेल्यामुळे; संबंधांतून काय वाहते आणि कसे वाहते हे सांगितल्यावाचून ‘कोण प्रभावी आहे’ हा प्रश्न अपुराच राहतो, ही जाणीव या वाटचालीचे मुख्य फलित आहे.

आलेख सिद्धान्ताचा उगम लिओनार्ड ऑयलर यांच्या १७३६ मधील कार्यात मानला जातो. क्योनिग्जबर्ग शहरातील सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडणारी वाट असू शकत नाही, हे सिद्ध करताना त्यांनी रस्त्यांची लांबी, नदीची वळणे आणि भूभागांचे आकार बाजूला ठेवले आणि कोणता भूभाग कोणत्या भूभागाशी किती पुलांनी जोडलेला आहे एवढेच विचारात घेतले. या शाखेत आलेख म्हणजे शिरोबिंदूंचा संच आणि त्यांतील काही जोड्यांना जोडणाऱ्या कडांचा संच. समाजाला ही भाषा लावली की व्यक्ती शिरोबिंदू होते. मैत्री, सोयरीक, सल्ला किंवा देवघेव ही कड होते. आणि संबंध एकतर्फी असेल तर त्या कडेला दिशा मिळते. या मांडणीत माणसाचे वय, शिक्षण, वाणी, चारित्र्य हे सारे गळून पडते. जे गळते त्यामुळेच गणित शक्य होते, आणि जे गळते त्यामुळेच गणिताचे उत्तर तपासून घ्यावे लागते, ही दुहेरी स्थिती पुढच्या सर्व टप्प्यांवर कायम राहिली.

समाजजीवनावर ही दृष्टी पद्धतशीरपणे वापरण्याचे श्रेय मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांना दिले जाते. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून १९३२ च्या शरद ऋतूत दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या, तेव्हा मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी त्या घटनेचे कारण मुलींच्या स्वभावांत शोधण्याऐवजी त्यांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्यात शोधले. कोणाला कोणाचा सहवास हवा आणि कोणाचा नको, हे विचारून त्यांनी ठिपके आणि रेषा यांची चित्रे काढली. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरेनो यांच्या ग्रंथात या चित्रांचे सविस्तर विवेचन आहे. जिची निवड अनेकींनी केली ती या चित्रात ‘तारा’ ठरली आणि जिची कोणीच केली नाही ती ‘एकाकी’. प्रभावाचे सर्वांत साधे माप येथे आकाराला आले: एका शिरोबिंदूला येऊन मिळणाऱ्या कडांची संख्या, म्हणजेच संबंधसंख्या. परंतु हडसनच्या अभ्यासातच या मापाची मर्यादाही दडलेली होती, कारण पळून जाण्याची कल्पना मुलींकडून मुलींकडे ज्या साखळीने पोहोचली ती साखळी केवळ शेजारच्या कडा मोजून दिसणारी नव्हती.

संपूर्ण जाळ्याच्या रचनेचा विचार करणे त्यामुळे अपरिहार्य झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ॲलेक्स बावेलास यांनी १९४८ पासून हा प्रश्न गणिती रूपात मांडला, आणि त्यांचे विद्यार्थी हॅरॉल्ड लेविट यांनी १९५१ मध्ये त्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच जणांच्या गटातील प्रत्येकाला काही चिन्हे असलेले कार्ड दिले जाई आणि सर्वांच्या कार्डांवर समान असलेले चिन्ह चिठ्ठ्यांच्या देवघेवीतून शोधायचे असे. फक्त कोणी कोणाला चिठ्ठी पाठवायची हे आधी ठरवलेले असे. चाकासारख्या रचनेत, जिथे चौघांचा संपर्क फक्त मधल्या एकाशी असे, तो मधला माणूस जवळजवळ नेहमीच नेता म्हणून ओळखला गेला, मग त्याचे व्यक्तिमत्त्व कसेही असो. वर्तुळाकार रचनेत मात्र नेता कोण याबद्दल एकमत होत नसे, चुका अधिक होत, तरीही सहभागी व्यक्तींना काम अधिक समाधान देई. स्थानामुळे नेतृत्व उत्पन्न होते, हे एवढ्या स्पष्टपणे यापूर्वी दिसले नव्हते. इतरांपर्यंत कमीत कमी पायऱ्यांत पोहोचता येण्याची क्षमता, म्हणजे समीपता, हे प्रभावाचे दुसरे माप या विचारातून रूढ झाले.

तिसरा टप्पा अधिक सूक्ष्म होता. किती जणांनी निवडले यापेक्षा कोणी निवडले याला महत्त्व आहे, हा व्यवहारातला अनुभव लिओ कॅट्झ यांनी १९५३ मध्ये गणितात आणला. संबंधांची नोंद आव्यूहात, म्हणजे आडव्या-उभ्या रांगांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीत केली, की त्या आव्यूहाच्या क्रमागत घातांतून दोन, तीन, चार पायऱ्यांच्या वाटांची संख्या मिळते. कॅट्झ यांनी या सर्व वाटा मोजल्या, परंतु वाट जितकी लांब तितके तिचे वजन एका ठरावीक गुणकाने कमी केले, कारण दूरवरून आलेला प्रभाव क्षीण होतो असे मानणे स्वाभाविक होते. फिलिप बोनासिच यांनी १९७२ मध्ये याच कल्पनेचे दुसरे रूप मांडले: ज्याचे सोबती महत्त्वाचे तो महत्त्वाचा. ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते असे वाटते. पण प्रत्येकाचे महत्त्व त्याच्या सोबत्यांच्या महत्त्वांच्या बेरजेच्या प्रमाणात आहे अशी समीकरणे सर्वांसाठी एकत्र मांडून सोडवली, की आव्यूहाचा आयगेन सदिश हे त्यांचे उत्तर मिळते, आणि जाळे अखंड जोडलेले असेल तर ते निश्चित व धन असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँक पद्धत याच कुळातली आहे. महाजालावरील एका पानाने दुसऱ्याकडे केलेला निर्देश त्यांनी शिफारशीसारखा मानला आणि प्रत्येक पानाचे वजन त्याच्या सर्व निर्देशांत समान वाटून टाकले, त्यामुळे शेकडो ठिकाणी बोट दाखवणाऱ्याच्या एका शिफारशीची किंमत आपोआप घटली.

बोनासिच यांच्या पहिल्या मांडणीच्या सुमारासच प्रभावाचे एक निराळे रूपही अभ्यासकांच्या लक्षात आले. ज्याच्याकडे फारसे संबंध नाहीत, परंतु जो दोन वेगळ्या गटांच्या मधोमध उभा आहे, तो त्यांच्यातील व्यवहार सुलभ करू शकतो, अडवू शकतो किंवा त्याला हवे तसे वळण देऊ शकतो. या स्थानाचे माप, म्हणजे इतर जोड्यांमधील न्यूनतम मार्गांपैकी किती मार्ग एका शिरोबिंदूतून जातात याची मोजणी, लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले; नेदरलँड्समधील जे. एम. अँथोनिस यांनी ते १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स नगरातील मेदिची घराण्याचा जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर ॲन्सेल यांनी १९९३ मध्ये केलेला अभ्यास या मध्यस्थतेचे मर्म उलगडतो. स्ट्रोत्सीसारखी घराणी धनाने आणि प्रतिष्ठेने मेदिचींच्या तोडीची किंवा सरस होती; तथापि विवाहसंबंधांच्या जाळ्यात इतर घराण्यांमधील निम्म्याहून अधिक न्यूनतम मार्ग मेदिचींवरून जात होते, आणि त्यांच्या अनुयायी घराण्यांचे आपसांतले संबंध विरळ असल्यामुळे त्यांना एकत्र आणणारा दुवा मेदिचींखेरीज दुसरा नव्हता. १४३४ मध्ये कोझिमो दे मेदिची नगराचे सूत्रधार बनले, त्यामागे ही रचना उभी होती.

एका जाळ्यासाठी अनेक मापे उपलब्ध झाल्यावर ती एकमेकांशी विसंगत उत्तरे देतात हे उघड झाले. बोनासिच यांनीच १९८७ मध्ये आपल्या जुन्या विचाराला मोठी पुस्ती जोडली. बातमी किंवा ज्ञान मिळवायचे असेल तर सोबती बलवान असणे हिताचे असते, परंतु सौदा करायचा असेल तर सोबत्याला दुसरा पर्याय नसणे हिताचे असते. म्हणून पहिल्या व्यवहारात सोबत्याचे महत्त्व आपल्या महत्त्वात भर घालते आणि दुसऱ्यात ते वजा होते. तेच जाळे, तेच स्थान, परंतु व्यवहार बदलताच मोजणीचे चिन्ह उलटते. स्टीफन बोर्गाटी यांनी २००५ मध्ये हा धागा पूर्णत्वास नेला. पार्सल एका वेळी एकाच ठिकाणी असते आणि ठरलेल्या जवळच्या मार्गाने जाते. नोट हातोहात भटकते. अफवा सांगणाऱ्याकडेही उरते आणि ऐकणाऱ्याकडेही पोहोचते. संसर्ग एकदा झालेल्याला बहुधा पुन्हा होत नाही. न्यूनतम मार्गांवर आधारलेले माप पार्सलाला शोभते, अफवेला शोभत नाही, कारण अफवा नकाशा पाहून प्रवास करत नाही. प्रत्येक सूत्र वाहणाऱ्या वस्तूविषयी काही गृहीत धरते आणि ते गृहीत वस्तुस्थितीशी जुळत नसेल तर आकडा अचूक येऊनही निरर्थक ठरतो, हे यातून सिद्ध झाले.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूपही पालटत होते. डेव्हिड केम्प, जॉन क्लाइनबर्ग आणि एवा टार्डोश यांनी २००३ मध्ये असा प्रश्न घेतला की एखादी नवी गोष्ट पसरवण्यासाठी ठरावीक संख्येच्या व्यक्ती आरंभी निवडायच्या असतील, तर प्रसार अधिकाधिक व्हावा म्हणून कोणाला निवडावे. सर्वोत्तम गट नेमकेपणाने शोधणे संगणनाच्या दृष्टीने दुःसाध्य आहे. परंतु प्रत्येक वेळी प्रसारात सर्वाधिक नवी भर घालणारी व्यक्ती निवडत गेले, तर सर्वोत्तम प्रसाराच्या सुमारे ६३ टक्क्यांहून कमी पडण्याची भीती नसते, असे त्यांनी सिद्ध केले. या निष्कर्षामागे घटत्या प्रतिफळाचा गुणधर्म आहे. सर्वाधिक संबंधसंख्येच्या व्यक्ती बहुधा एकाच वर्तुळात असतात आणि त्यांची पोहोच एकमेकींवर पडते, म्हणून पहिल्या दहा प्रभावी व्यक्तींची यादी आणि सर्वांत प्रभावी दहा जणांचा गट या वेगळ्या गोष्टी ठरतात. प्रभाव हा एकट्याचा गुण मानण्याची सवय येथे आणखी सैल झाली.

समाजमाध्यमांमुळे कोट्यवधी कडांची नोंद हाती आल्यावर मोजणे सोपे झाले, पण अर्थ लावणे कठीण झाले. ट्विटरवरील ५ कोटींहून अधिक खात्यांच्या २०१० मधील एका अभ्यासात असे आढळले की अनुयायांची संख्या आणि लोकांनी मजकूर पुढे पाठवण्याचे किंवा नाव घेण्याचे प्रमाण यांचा मेळ फारसा बसत नाही. अधिक खोल आक्षेप कार्यकारणभावाविषयी होता. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ मध्ये फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून लठ्ठपणा मित्रांमधून पसरतो असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी एथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी तशाच पद्धतीने पाहिले तर मुरुमे, डोकेदुखी आणि उंचीसुद्धा ‘पसरताना’ दिसते, असे दाखवले. माणसे आपल्यासारख्यांशीच मैत्री करतात, ही समशीलता आणि एकाने दुसऱ्यावर टाकलेला प्रभाव या दोहोंतून सारखेच चित्र उमटते. कॉस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी २०११ मध्ये स्पष्ट केले की केवळ निरीक्षणाच्या नोंदींतून त्यांना वेगळे करणे सर्वसाधारणपणे शक्य नसते. त्यासाठी प्रयोग लागतो, किंवा घटनाक्रमाविषयी वेगळी माहिती लागते.

अशी माहिती मिळवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न कर्नाटकातील खेड्यांत झाला. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी ७५ गावांतील संबंधजालांची पाहणी केली. त्यांतील ४३ गावांत एका सूक्ष्मवित्त संस्थेने शिक्षक, दुकानदार, बचतगटांचे प्रमुख अशा ठरावीक व्यक्तींना प्रथम कर्जयोजनेची माहिती दिली. कोणाला आधी कळले हे ठाऊक असल्यामुळे प्रसाराचा माग काढता आला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या व्यक्तींची केंद्रीयता, म्हणजे जाळ्यातील त्यांच्या स्थानाचे महत्त्व, जिथे अधिक होती त्या गावांत योजनेतील सहभागही अधिक होता. त्यांनी वापरलेली प्रसार-केंद्रीयता माहिती किती फेऱ्या पुढे जाते आणि प्रत्येक फेरीत ती पुढे सांगितली जाण्याची शक्यता किती, हे दोन्ही उघडपणे नमूद करते. एकच फेरी धरली तर ती मोरेनो यांच्या संबंधसंख्येशी जुळते आणि फेऱ्या अमर्याद धरल्या तर शक्यतेनुसार कॅट्झ किंवा बोनासिच यांच्या मापांकडे जाते. निरनिराळी वाटणारी मापे अशा रीतीने एकाच प्रश्नाची वेगवेगळ्या परिस्थितीतील उत्तरे म्हणून एकत्र आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील संशोधनात, एखादी बातमी गावभर पोहोचवायची तर ती कोणाला सांगावी, एवढेच गावकऱ्यांना विचारले गेले, आणि त्यांनी सुचवलेल्या व्यक्ती केंद्रीयतेच्या मापावरही उच्च स्थानी निघाल्या. संपूर्ण नकाशा कोणाच्याही डोळ्यांसमोर नसताना, कोणाच्या तोंडून बातम्या वारंवार ऐकू येतात एवढ्यावरून लोकांना ते कळत होते.

या वाटचालीतून निघणारा बोध मापांच्या वापराशी निगडित आहे. लस आधी कोणाला द्यावी, शेतीतले नवे तंत्र कोणामार्फत पोहोचवावे, कोणाचा आवाज समाजमाध्यमावर वर आणावा, असे निर्णय आज आकड्यांच्या आधारे घेतले जातात, आणि ज्यांच्याविषयी ते घेतले जातात त्यांना तो आकडा कशाचा आहे हे बहुधा सांगितले जात नाही. आलेख सिद्धान्ताने समाजाला दिलेली दृष्टी अमूल्य आहे, कारण दुर्लक्षित राहणारे दुवे आणि अदृश्य मध्यस्थ तिने दृष्टीस आणले. परंतु तिचा अधिकार स्थानापुरता आहे, आणि स्थानावरून प्रभावाकडे जाणारी प्रत्येक पायरी वेगळ्या पुराव्याची मागणी करते. म्हणून प्रभावाचा कोणताही आकडा मांडताना काय वाहते, कसे वाहते आणि ते खरोखर वाहिले याचा पुरावा कोणता, या तीन गोष्टी सांगणे अभ्यासकांचे आणि ती मापे वापरणाऱ्या संस्थांचे कर्तव्य ठरते. या तीन गोष्टी सांगितल्या तर आकडा तपासता येतो, नाकारता येतो आणि सुधारताही येतो. आणि माणसांविषयी निर्णय करणाऱ्या कोणत्याही मापाकडून एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.