जाहीर इनामाचे ऋण

वारकरी बंधूंनो, आपल्या कडेगाव भागात जत्रा जवळ आली की भिंतीभिंतीवर कुस्त्यांची पत्रके लागतात. अमुक जोड, अमुक हजारांचे इनाम. ते वाचून पैलवान येतो, घाम गाळतो, समोरच्याला चितपट करतो. मग कमिटीने हात आखडता घेतला तर? इनाम म्हणजे देणाऱ्याची खुशी, असे लोक म्हणतात. पण तसे नव्हे, बरं का! १८७२ च्या करार कायद्याच्या ८ व्या कलमाचा आशय असा की, सांगितलेली अट पुरी करणे हाच त्या बोलण्याचा स्वीकार होय. अट पुरी झाली की खुशी संपली, देणे लागू झाले.

परंतु कायद्यालाही मर्यादा आहे. १९१३ साली कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी आपला मुनीम लालमन यास हरिद्वारकडे शोधास धाडले आणि मागाहून ५०१ रुपये इनामाची पत्रके काढली. लालमनने मुलगा शोधला. इनामाची वार्ता त्याला नंतर कळली. तो कोर्टात गेला. अलाहाबाद हायकोर्टाने दावा फेटाळला. जे बोलणे ठाऊकच नव्हते, त्याचा स्वीकार कसा व्हावा? शिवाय शोध घेणे हे त्याच्या चाकरीचेच काम होते.

निकाल कायद्याला धरून झाला. पण धन्याचे काय? कायदा पुसतो, करणाऱ्याने ऐकले होते काय? धर्म पुसतो, बोलणाऱ्याने बोलले होते काय? याज्ञवल्क्यस्मृतीचे सांगणे असे की, कबूल केलेले द्यावे आणि दिलेले परत घेऊ नये. कोर्टाने सोडले म्हणून वचनाने सोडले, असे होत नाही.

मग जाहीर झालेले प्रत्येक इनाम धर्म्यच का? नव्हे. अधर्माशी जोडलेल्यास कबूल केलेलेही देऊ नये, असे गौतमधर्मसूत्रात आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत असता त्यांना धरून देणाऱ्यास इंग्रज सरकारने बक्षीस लावले. शेजारच्या कुंडल भागातल्या गरिबांनी ते कानाआड केले. १९४६ पर्यंत नाना सरकारच्या हाती लागले नाहीत. इनाम बोलणारा स्वतःला बांधतो, ऐकणाऱ्याला नव्हे.

म्हणून कर्ण्यापुढे उभे राहण्याआधी आपली थैली चाचपावी. आकडा तोंडातून गेला की तो आपला राहत नाही. जिंकलेल्या पैलवानाला दारी हेलपाटे घालायला लावू नयेत. मैदानातच त्याच्या हातावर पुरते इनाम ठेवावे.