फिट आणि रातपाळी

फिट येणाऱ्या माणसात बिघाड नेमका कुठे असतो, या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके बाहेरून आत सरकत आले. आधी ते बाहेरच्या बाधेत होते. चरकसंहितेने अपस्माराचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार पाडून ते शरीरात आणले. इ.स.पूर्व 400च्या सुमारास ग्रीक वैद्यांनी मेंदूकडे बोट दाखवले. 1873 मध्ये लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी मेंदूच्या करड्या भागातून अचानक होणारा अवाजवी विसर्ग म्हणजे फिट, अशी मांडणी केली. 1929 मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, प्रसिद्ध केला. दरम्यान 1912 मध्ये फेनोबार्बिटोन आणि 1938 मध्ये फेनिटॉइन ही औषधेही हाती आली.

विचार मात्र सगळीकडे एका वेगाने पोचत नाही. हे सारे ठाऊक असताना 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मार नेऊन बसवला आणि वारंवार फिट येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र ठरली. तो शब्द निघायला 1999 उजाडले. अपस्मार असाध्य नाही, तो मनोविकार नाही आणि घटस्फोटाचे कारण तर नाहीच, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला 2023 मध्येही सांगावे लागले.

या विचाराची पुढची पायरी, म्हणजे फिटेचा संबंध कामाच्या पाळीशी जोडून पाहणे, मला भिवंडीत दिसते, आणि ती अजून कुणी चढलेले नाही. इथले यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. बारा तासांची पाळी सर्रास. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले तरुण आलटून पालटून रात्री जागतात. अपुरी झोप फिटेला आमंत्रण देते, हे डॉक्टरांना इतके पक्के माहीत आहे की ईईजी काढण्याआधी ते पुष्कळदा रोग्याला मुद्दाम जागरण करायला सांगतात. दबलेला दोष त्याने आलेखावर उमटतो. तपासणीसाठी एका रात्रीपुरते जे करायचे, तेच रातपाळी महिनोन्महिने करत राहते.

किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार तर जागरण मुळीच सोसत नाही. त्याचे नीट वर्णन 1957 मध्ये जर्मनीत यान्त्स यांनी केले. सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसतात, चहाचा कप सुटतो आणि एखाद्या दिवशी मोठी फिट येते. हिसके थकव्याचे वाटतात, म्हणून कुणी ते आपणहून सांगत नाही. विचारले नाही तर निदान हुकते, आणि ते महागात पडते. इतर काही प्रकारांत उत्तम चालणारे कार्बामाझेपिन हे औषध इथे हिसके वाढवू शकते. व्हॅल्प्रोएट सहसा लागू पडते, पण गर्भाला त्याचा धोका असल्याने तरुण स्त्रीला देताना फार विचार करावा लागतो. ईईजी निर्दोष आला म्हणजे अपस्मार नाही, असेही नव्हे. फिट प्रत्यक्ष पाहिलेल्याचे सांगणे आजही निदानाचा मुख्य आधार आहे. तो साक्षीदार असतो शेजारच्या मागावरचा सोबती. दवाखान्यात मात्र येतो गावाकडून आलेला भाऊ, ज्याने काहीच पाहिलेले नसते. सोबत्याने मोबाइलवर घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण अशा वेळी फार उपयोगी पडते.

पण सोबती गप्प राहतो, कारण फिट कळली तर मित्राचे काम जाईल. मग पुढची फिट मागाच्या फिरत्या पट्ट्यांशेजारी येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले तर सुमारे 70 टक्के रुग्ण फिटेविना जगू शकतात. भिवंडीतल्या डॉक्टरांनी म्हणून गोळी लिहिण्याआधी पाळी कोणती ते विचारावे. कारखानदारांनी अशा कामगाराला काढून टाकू नये. फिट आटोक्यात येईपर्यंत त्याला दिवसपाळीत, यंत्रापासून दूरचे, तागे मोजण्याचे किंवा घडी घालण्याचे काम द्यावे.