उताराचे पाणी, उपशाचे पाणी

पाणी उतारावरून वाहते, तेव्हा त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ते उचलून वर न्यायचे म्हटले की माणूस मध्ये येतो. किती उचलायचे, कोठे न्यायचे, आधी कोणाला द्यायचे, हे त्याला ठरवावे लागते. म्हणून पंपघराची आखणी ही मला केवळ यंत्रविद्येची बाब वाटत नाही. ती नीतीचीही बाब आहे. इंजिनिअर मंडळी हसतील. पण हा विचार मांडायला आमच्या बऱ्हाणपुराइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

लालबागेजवळचा कुंडी भंडारा वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. कोणी त्याला खूनी भंडाराही म्हणतात. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्यावर पडलेला पाऊस मुरून जमिनीखालून तापीकडे सरकतो. तो वाटेत अडवायचा, हलक्या उताराच्या भुयारात घ्यायचा आणि शहरापर्यंत आणायचा, एवढीच कल्पना. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून हवा खेळते, गाळ वर काढता येतो. एकही मोट नाही, एकही रहाट नाही. सगळे काम उताराचे. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात. तेथील अकरा कनातींना युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशाचा मान दिला. आमचा भंडारा २०२४ साली संभाव्य यादीत आला. आज पाहुणे विजेच्या लिफ्टने खाली उतरून ही विजेविना चालणारी योजना पाहतात.

या योजनेचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. डोंगर जेवढे देईल, तेवढेच भुयार घेते. पाण्याची पातळी भुयाराच्या खाली गेली, तर भुयार कोरडे पडते. ते पाण्याचा पाठलाग करू शकत नाही. संयमाचा उपदेश तेथे कोणी करीत नाही. तो बांधकामातच आहे. पंपाला अशी मर्यादा नाही. पाणी खाली गेले की आपण बोअर आणखी खोल नेतो आणि मोटारीची अश्वशक्ती वाढवतो. बऱ्हाणपूरपासून रावेर-यावलपर्यंत केळीच्या बागांतल्या शेतकऱ्यांना हे मी सांगायला नको. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, यंत्रातली गळती धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. काही रुपयांचे काम! इतक्या स्वस्तात जी ताकद मिळते, तिच्याबरोबर हक्कही मिळाला असे मनाला वाटू लागते. उचलता येते म्हणून ते माझे, हा समज पंपाबरोबर घरात येतो.

तरीपण उतार म्हणजे न्याय, असे समजून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे ठाणे होते; भंडाऱ्याचे पाणी आधी कोणाच्या हौदात पडत असेल, हे ओळखायला इतिहासाची पदवी लागत नाही. महाडच्या चवदार तळ्यात पाणी उचलण्याचा प्रश्नच नव्हता, हात बुडवला की मिळत होते. तरी त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. शिवाय उतारावरून स्वच्छ पाणी जसे खाली येते, तशी घाणही येते, आणि खाली सहसा गरीबच राहतात. उलट पंपाने उतारावर मातही करता येते. जुलै २०२२ मध्ये आमचा जिल्हा घरोघरी नळाचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला. २५४ गावांतील एक लाखाहून अधिक घरे त्यात मोजली गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यांपैकी जेमतेम ३७ हजार घरांत नळ होता. डोंगराळ वस्तीतल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा पंपानेच खाली उतरवला. तेव्हा ताकद वाईट नाही. ती कोणत्या हिशेबाने वापरली, हा प्रश्न आहे.

नववीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर सांडपाण्याच्या पंपघराचे चित्र काढले होते. गटारातले पाणी एका खोल हौदात येते. आत शिरण्यापूर्वी जाळीत चिंध्या-कचरा अडकतो. हौद ठरावीक पातळीपर्यंत भरला की पंप सुरू होतो, उपसला की थांबतो. एक पंप बिघडला तर दुसरा तयार हवा. हौद फार लहान असेल, तर मोटार सारखी चालू-बंद होऊन जळते. फार मोठा असेल, तर पाणी साचून कुजते आणि विषारी वायू धरते. म्हणून प्रत्येक जागेचा उंच-सखलपणा, पाऊस, वस्ती पाहून पंपघर नव्याने आखावे लागते. दुकानातून तयार आणून बसवता येत नाही. एवढे सांगून झाल्यावर नाल्याकाठी राहणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लाइट गेली तर ते पाणी कुठे जातं?"

हा प्रश्न मला पाठ्यपुस्तकात कोठेही सापडला नव्हता. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक नकाशात असते. हौद तुडुंब भरला की पाणी कोठून बाहेर पडावे, याची एक वाट आखणारा काढून ठेवतोच. आणि त्याने काढली नाही, तर पाणी आपली वाट काढते. त्या वाटेच्या तोंडाशी कोणाचे तरी घर असते. जनरेटरचा खर्च वाचवला, तर तो वाचत नाही. त्या घरातल्या माणसांच्या नावे पडतो. जाळीचेही तेच. ती वरूनच साफ करता येईल अशी बसवली नाही, तर कधी ना कधी माणूस आत उतरतो. २०१३ च्या कायद्याने गटारात माणसाला असे धोक्यात घालून उतरवण्यास बंदी केली आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत, म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई ३० लाखांपर्यंत वाढवावी लागली. भरपाई मृत्यूनंतर येते. जाळी मात्र आधी आखता येते.

कोणी म्हणेल, गुरुजी, पैसा मर्यादित असतो. सगळ्यांची सोय कशी बघणार? आक्षेप खरा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कसोटी सुचवली आहे. समाजाचे नियम ठरवताना त्या समाजात आपण कोण असू, हे आपल्याला ठाऊक नाही असे समजावे. हीच कसोटी पंपघराला लावून पाहा. आपले घर पाण्याच्या टाकीशेजारी असेल की सांडव्याच्या तोंडाशी, हे माहीत नसताना मी ही आखणी मंजूर करीन का? जाळी साफ करणारा माझाच मुलगा असू शकेल, हे मनात धरून मी खर्चाला कात्री लावीन का? या कसोटीने पैसा वाढत नाही. पण आधी कोठे खर्चावा आणि शेवटी कोठे कापावा, याचा क्रम बदलतो.

म्हणून माझे मत असे, की पाण्याची कोणतीही योजना वॉर्डात वा गावात आली, की आपण सामान्य माणसांनी निदान तीन गोष्टी विचाराव्यात. जमिनीत मुरते त्यापेक्षा अधिक आपण उपसणार आहोत का? नळ आधी कोणाचा सुरू होणार? आणि यंत्र बंद पडले, तर घाण कोणाच्या दारात जाणार? पहिल्या दोन्ही प्रश्नांवर सभेत बोलणारे पुष्कळ भेटतात. तिसरा विचारायला बहुधा नाल्याकाठचेच कोणीतरी उठावे लागते, आणि त्या दिवशी त्यांची मजुरी बुडत असते. त्यांच्या वतीने तो आपल्यापैकी कोणी विचारला, तर नकाशा अजून कागदावर आहे तोवर तो बदलता येतो.